भिंत काटकोनात नाही

विल्यांदीच्या त्या लाकडी घरात टेप धरला तेव्हाच कळलं :
कोपरा नव्वदचा नाही, सत्त्याऐंशीचा.
प्रोग्रामला हे पटत नाही.
तो भिंती सरळ धरून चालतो,
नुकत्याच कामावर लागलेल्या पोरासारखा.

हेल्वेबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.
पडद्यावर आपलं स्वयंपाकघर गरगरताना बघून म्हणाल्या,
"छप्पर कुठं गेलं?"
मी छप्पर परत लावलं.

खाली बर्चची कपाटं. राईच्या पिठाला खोल ड्रॉवर.
ओट्याची उंची ब्याण्णव.
"ती एन्देलच्या कमरेची. भांडी तोच घासायचा."
मी आकडा खोडला, चौऱ्याऐंशी केला.
लगेच लाल त्रिकोण :
डिशवॉशर बसणार नाही.
"नाही तर नाही. बशी एक, कप एक.
आणि वरची कपाटं काढ, माझा हात पोचत नाही."

एकेक निवडलं, काढलं.
मागून भिंत निघत गेली
नोव्हेंबरच्या उजेडात
(सूर्य मी तारखेप्रमाणे लावला होता,
तो पावणेचारलाच बुडाला).

उरली कोपऱ्यातली फट, तीन अंशांची.
"इथं पट्टी मारून झाकतो आम्ही."
"झाकू नकोस.
त्याची गळाची काठी तिथं उभी असते.
भिंत वाकडी, म्हणून तर पडत नाही."

प्रोग्रामच्या सामानात मी गळ शोधला.
ओव्हन होते एकशे बारा, फळांच्या परड्या,
एक झोपलेलं मांजरसुद्धा.
गळ नाही.
शेवटी मिटलेली छत्री उचलली, ताणून लांब केली,
फटीत टेकवली.

सुताराकडे गेलेल्या नकाशात
म्हणून ती छत्री आहे, दोन मीटर दहा.
अजून त्यानं विचारलेलं नाही.