डावीकडं

उदगीरला बिदर रोडवर, वजनकाट्याच्या पलीकडं,
गौसोद्दीन मिस्त्रीच्या पत्र्याखाली ती आली
तेव्हा हेडलाइट एकच लागत होता.
जनावरांच्या दवाखान्याची बस, एकाहत्तरची, लिलावातली.
कपाळावर ‘फिरता दवाखाना’मधलं ‘फिरता’ तेवढं शिल्लक.
आत स्टोव्ह, दोन बाकं जोडून पलंग,
आणि खिळ्याला साखळीनं बांधलेला तवा.

हंबर्डे सर्व्हेअर हात झटकत उतरले.
‘‘डावीकडं ओढायलीय. गंगाखेडपासून खांदे भरून आलेत.’’

मिस्त्री आधी गाडीला हात लावत नाहीत.
विचारतात. कधीपासून? रिकामी असताना, का भरल्यावर?
ब्रेक मारला की जास्त, का सोडला की?
माझी बहीण बाळंतपणाला आली होती
तेव्हा दाईनं एवढं विचारलं नव्हतं.

मी हवा बघितली. दोन्हीकडं सारखी.
जॅक लावून चाक वरखाली हलवलं :
किंगपिन जरा ढिली, पण माफ.
आडवं हलवलं : टायरॉड, तोही माफ.
स्टेअरिंगला दोन बोटं मोकळीक.
‘‘पन्नाशी उलटल्यावर तेवढी असतीच,’’ मिस्त्री म्हणाले,
‘‘मला बी हाय.’’

मग शंका रस्त्यावर.
रस्ते कडेला उतरतेच करतात, पाणी जावं म्हणून;
गाडी पाण्याच्या मागं जाते.
म्हणून रविवारी, सौदा बंद असताना,
मोंढ्याच्या सपाट फरशीवर नेली.
टायरखाली सांडलेलं सोयाबीन फुटत होतं.
मिस्त्रींनी हात सोडले.
गाडी हमालांच्या चहाटपरीकडं निघाली,
डावीकडंच,
रोजच्या गिऱ्हाइकासारखी.

कुमुदिनीबाई बोलल्या ते उतरता उतरता :
‘‘तव्यात तेल टाकलं की एका काठाला जाऊन बसतंय.
मी आताशा तवा कलता धरूनच धिरडी घालते.’’
मिस्त्री थांबले.
‘‘कोणत्या काठाला?’’
‘‘डाव्या.’’
‘‘हे आधी सांगायचं की, ताई.’’
‘‘तुम्ही गाडीचं विचारत होता.’’

मग सुतळी काढली.
उजवीकडं पुढच्या चाकाच्या मधापासून
मागच्या चाकाच्या मधापर्यंत ताणून गाठ मारली.
तीच सुतळी डाव्या अंगाला धरली तर
गाठ चाक ओलांडून मागं लोंबली,
माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी.
हंबर्ड्यांनी चष्मा काढून ते पेर पाहिलं.
तीस वर्षं साखळी ओढत
दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं मिटवलेला माणूस.
काही बोलले नाहीत. खाली वाकून परत मोजलं.

पाट्यांच्या पोटात सेंटर बोल्ट तुटलेला,
कधी, कुणास ठाऊक.
खालचा एक पाटा चिरून बसलेला.
दर ब्रेकला एक्सल केसभर मागं सरकायचा.
केस, केस, केस,
आणि हे सरळ चालवत राहिले
स्टेअरिंग थोडं उजवीकडं दाबून,
दाबतोय हे न कळता.

पाटा लातूरहून आला. यू-बोल्ट आवळताना
मिस्त्रींचा पाइप वाकला.
सुतळी दोन्हीकडं सारखी भरली.

ट्रायलला आम्ही चौघं.
हत्तीबेटाच्या फाट्याअलीकडं
गाडी उजवीकडं जाऊ लागली.
समोरून उसाचा ट्रॅक्टर.
कुमुदिनीबाईंनी नुसता दांडा घट्ट धरला.
‘‘साहेब,’’ मिस्त्री मागून म्हणाले, आवाज न चढवता,
‘‘हात सोडा.’’
सोडले. गाडी सरळ.
धरले. परत उजवीकडं.
‘‘हे कुठं दुरुस्त होतं?’’ हंबर्ड्यांनी विचारलं.
मिस्त्री खिडकीबाहेर तुरीकडं बघत राहिले.
‘‘आपल्याकडं ह्याचा पाना नाही.
सावकाश चालवा. विसरतील.’’

बिलात पाटा, बोल्ट, मजुरी.
सुतळीचे पैसे लावले नाहीत.

निघताना बाईंनी स्टोव्ह पेटवला,
म्हणाल्या, खाऊनच जाऊ द्या पोराला.
तव्यावर पीठ पसरलं
आणि सवयीनं तवा कलता केला.
तेल भर्रकन दुसऱ्या काठाला गेलं.
त्या बघत राहिल्या.
मग एकट्याच हसल्या.

मला मिळालेलं धिरडं
एका बाजूला चांगलंच जाड होतं.