घट

नागीण उठली, तेव्हा श्रावण होता. डाव्या बरगडीखाली.
फोड तीन आठवड्यांत सुकले,
आग राहिली.
सदरा लागला तरी वाटायचं,
कुणी फुंकणीने जाळ धरलाय कातडीवर.
आणि फुंकणी मी ओळखतो,
चाळीस वर्षं ओठांत धरली आहे.

शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती?
मी म्हटलं, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी.
ते मूळचे सोलापूरचे.
त्यांनी सात लिहिलं.

कॅप्सूल चांगली होती, खोटं कशाला बोलू.
आठ दिवसांत पाणी गुडघ्याला आलं,
पंधराव्या दिवशी घाटाच्या पायऱ्या दिसल्या.
फक्त मीच जरा लांब गेलो.
गिऱ्हाइकाला तेच पेंडल दोनदा दाखवायचो.
विसपुत्यांच्या सुनेचं नाव आठवेना.
एका बिलवराचा सांधा जोडायचाच राहिला,
शरयूने पाहिलं, बोलली नाही.

दुसऱ्या दिवाळीपर्यंत आग गेली होती.
मग गोळी कशाला?
एका सोमवारी पाकीट फडताळात मागे सारलं
आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो.

बुधवारी घाम. नाशिकच्या डिसेंबरात,
गोधडी पिळावी असा.
गुरुवारी कातडीखाली मुंग्या, रांग न धरणाऱ्या.
टीव्हीवर फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली,
मी रडलो.
पहाटे साडेतीनला दहीपुलापर्यंत गेलो, परत आलो,
पुन्हा गेलो.
ही नागीण नव्हती. हिला नाव नव्हतं,
म्हणून कुणाला सांगताही येईना.
धाकटा भाऊ म्हणाला, अण्णा, मन घट्ट कर.
मन!
ऐरणीवर ठेवून दाखव म्हटलं, मी ठोकतो.

डॉक्टर म्हणाले, अशी एकदम सोडायची नसते.
(हे सुरू करताना सांगायचं होतं.
हे मी मनात म्हटलं. तोंडाने, बरं.)
पंचाहत्तर, मग पन्नास, मग पंचवीस.
पंचवीसवर महिना काढला.
त्याखाली कंपनीने पायरीच बांधलेली नाही,
एकदम पाणी.
उघडून तोलली तर? मी विचारलं.
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.
तुम्ही सोनार ना, म्हणाले. पण दर आठवड्याला येऊन सांगायचं.

म्हणून रोज, दुकानाची फळी काढायच्या आधी
पंखा बंद. काट्याची काच ओढलेली.
शरयू कागद धरते, मी श्वास.
वडील गुंजांनी तोलायचे,
आठ गुंजांचा मासा, लाल बी, काळा डोळा.
एक गुंज इकडची तिकडे झाली
तर रात्री जेवायचे नाहीत.
मी पांढरी पूड कुंचलीने जराशी बाजूला सारतो.
काटा स्थिर आहे.
हात नाही.

दागिना घडताना जे झिजतं, उडतं,
ते वहीत घट म्हणून लावायचं.
गिऱ्हाईक हुज्जत घालतंच.
त्याच वहीच्या मागच्या पानावर आता माझी घट:
आठवडा सहावा. झोप चार तास.
शरयूवर ओरडलो, दोनदा. कारण: वाटी.
आठवडा नववा. एक शिंक, सगळी पूड कोनाड्यात.
आठवडा अकरावा. विसपुत्यांची सून: हेमांगी.
दात घासताना, अचानक.

महिनाअखेरीला झारेकरीण येते,
केराचं पोतं पाठीवर टाकते,
नदीवर घमेलं हलवत बसते दिवसभर.
जड ते ठेवते, बाकीचं सोडून देते.
माझं काय जड होतं, काय नुसतंच सांडलं,
मला अजून नीट कळलेलं नाही.

आता ऊन तापू लागलंय.
बोहारपट्टीकडून भांड्यांचे आवाज येतात.
पंखा लावू का, शरयू विचारते.
थांब, म्हणतो.
अजून थोडं.