नावे

अकाउंट्सच्या पहिल्या तासाला, मिरजेत,
पाध्येबाईंनी फळ्यावर उभी रेघ ओढली होती.
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
ज्याला मिळतं, त्याच्या नावे टाका.
मिळालं तर ते नावे कसं, कुणीतरी विचारलं.
पुढे कळेल, म्हणाल्या.

पुढे म्हणजे इथे, सूरला,
मच्छीमारांच्या अनुदान कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून खाडीतल्या नावा दिसतात,
पडद्यावर माणसांची नावं,
नावांसमोर नावे.
ही गंमत इथे कुणाला सांगता येत नाही.
शिवाय अरबी पडदा उजवीकडून सुरू होतो,
म्हणजे बाईंची रेघ तीच, बाजू फिरलेल्या.

रियालच्या मागे दशांशाची तीन घरं.
आपल्याकडे दोन. पहिलं वर्षभर
माझा तिसरा आकडा दारातच उभा,
चपला काढू की नको अशा बेताने.

हमदान बिन खल्फान याचं खातं:
उणे शून्य दशांश दोन पाच शून्य.
इंजिनाचा दुसरा हप्ता बँकेने मार्चमध्ये परत पाठवला.
कारण, खातेदार मयत.
परतीचं शुल्क मात्र घेतलं, त्याच्याच खात्यातून,
पाव रियाल.
शून्य झाल्याखेरीज खातं बंद होत नाही.
बंद झाल्याखेरीज हप्ता मुलाकडे वळता होत नाही.
मुलगा यासिर, एकोणीस वर्षांचा,
तोवर दुसऱ्याच्या नावेवर अर्ध्या वाट्याने जातो, सुरमईला.

मौझा आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ.
मी मोडक्या अरबीत सांगितलं,
पैसे आहेत, पण त्या बाजूला.
या बाजूला तो देणं लागतो.
कोण?
हमदान.
किती?
सांगितलं. वाटलं, हसेल.
तिने बटवा उघडला,
पन्नासाची पाच नाणी टेबलावर एकेक करून मांडली
आणि म्हणाली, त्याने कुणाचं कधी ठेवलं नाही.

नाणी घ्यायला सिस्टीममध्ये जागा नाही,
हे मला अरबीत सांगता आलं नाही.
मराठीतही आलं नसतं.

मग समायोजनाची नोंद.
कारणाचा रकाना चाळीस अक्षरांचा.
लिहिलं, मेलेल्याकडून वसुली बरी नव्हे. खोडलं.
लिहिलं, चूक बँकेची. तेही खोडलं, बँकेशी कोण भांडणार.
शेवटी: शुल्क, दुरुस्ती.
मस्कतहून दोन मान्यता लागतात.
पहिली त्याच दुपारी.
दुसरे साहेब रजेवर, अकरा दिवस.
अकरा दिवस एक बुडालेला माणूस
सरकारचा पाव रियालचा देणेकरी.

बाराव्या सकाळी तिन्ही घरं रिकामी.
हप्ता वळता करायला दीड मिनिट लागलं.
खातं बंद करताना पडदा विचारतो, नक्की?
मी चहा संपवला, मग हो दाबलं.
त्याचं नाव करडं झालं.

नाणी राहिली.
मौझाला फोन केला, घेऊन जा.
फिटलेलं परत घेतात का, म्हणाली,
मागे इंजिनाचा आवाज होता.

लखोट्यात घालून खणात ठेवलीत, वर तारीख.
ताळा बरोबर जमतो, आणि ही पाच त्याच्या बाहेर.
ऑडिटवाले विचारतील, कुठल्या खात्याची?

ज्याला मिळतं, त्याच्या नावे, बाई.
म्हणजे माझ्या.