वाचता न आलेला तुकडा

इल्मार्सकडे सीडी निघाल्या त्रेसष्ट,
बुटांच्या खोक्यांत, उभ्या, टोस्टसारख्या.
लिएपायात वारा दार ठोठावत नाही, सरळ आत येतो,
म्हणून खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबून बसलो.
मी प्रोग्रॅम चढवून दिला.
चष्मा कपाळावर सारत त्यांनी विचारलं,
हा ऐकतो, की नुसता वाचतो?

वाचतो, म्हटलं.
एकदा वाचलेलं पुन्हा वाचतो,
दोन्ही वेळा तेच आलं तरच खरं धरतो.
"मग शेजाऱ्यांपेक्षा बरा."

वेल्टाचा वृंद : मासळीच्या कारखान्यातल्या बायका,
दर मंगळवारी, हात साबणाने तीनदा धुऊन.
त्यांची नावं जगात कुठेच नोंदलेली नव्हती.
पडद्यावर आलं : अनोळखी कलाकार. अनोळखी अल्बम. ट्रॅक एक.
इल्मार्सना हसू आलं, मग राग,
मग दोन बोटांनी टंकायला घेतलं :
खालच्या पट्टीत, डावीकडून, मिर्ड्झा, झेन्ता,
बिरुता, जिची दाढ त्या दिवशी काढली होती.
दाढही लिहिली.

मी सुचवलं, एमपीथ्री करू, दहावा हिस्सा जागा लागेल.
कानाला कळणारच नाही तेवढंच गाळतो तो,
मोठ्या आवाजाच्या सावलीत उभे असलेले
बारके आवाज.
ते माझ्याकडे बघत राहिले.
चाळीस वर्षं या गावाचे पियानो लावले त्यांनी,
लोकांना कळत नाही तेवढ्याचेच पैसे घेतले.
"आणि माझा धंदा काय होता मग?"

तर फ्लॅक. घडी घालतो, कापत काही नाही.

खरं म्हणजे वरचे स्वर आता त्यांना ऐकूच येत नाहीत.
डॉक्टरने आलेख काढून दिलाय, फ्रिजवर चिकटवलेला,
आठ हजारांपुढे रेघ दरीत उतरते.
मी तिकडे पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.
चढव पुढची, म्हणाले.

अकराव्या चकतीत, पहिल्या ट्रॅकच्याही आधी,
शून्याच्या अलीकडे, एक्केचाळीस सेकंद सापडले.
साधा प्लेयर तिथे फिरकतच नाही.
खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं,
आणि वेल्टा : खिडकी लावा गं, ट्राम येतेय.
कुणी लावली नाही.
ट्राम आली, सावकाश, सगळी.

इल्मार्सनी ते परत लावलं नाही. उठून चहा ठेवला,
दूध उतू गेलं.

सातव्या गाण्याशी मात्र गाडं अडलं.
चकती काठाशी तपकिरी पडलेली.
वेग चोवीसपट, आठपट, एकपट,
मग अंधारात किल्ली चाचपडावी तशी
ड्राइव्हची खुडखुड, साडेअकरापर्यंत.
शेवटी नोंद उमटली :
तीन मिनिटं बारा सेकंद. तुकडा वाचता आला नाही.
जागा शांततेने भरली आहे.

आजूबाजूचे सूर ओढून बुजवता येतं, मी म्हटलं,
तशी सोय आहे.
"नको. कबूल केलंय त्याने, पुरे."

फाइल लावली. तीन बारा आलं.
त्या टीचभर भोकात त्यांचा उजवा हात उचलला गेला,
ताल धरून राहिला हवेत,
आणि बायका पलीकडे निघाल्या तेव्हाच खाली आला.

एकूण किती झालं, जाताना विचारलं.
एकोणीस जीबी. हार्ड डिस्क माझी होती.
ते चपापले :
"वेल्टा रागावली असती.
दुसऱ्याच्या घरी एवढी जागा अडवायची?"