पांढरी हाये का

माघ सरता सरता तिथी निघतात,
बँडमास्तर डोंगरदिव्यांचा फोन येतो.
रामराम नाही, तब्येत नाही, थेट:
"पांढरी हाये का?"

आमची मैना कुमेत.
मोहाची टोळंबी तेलाच्या हाताने पुसावी
तसा तिचा रंग, मानेखाली जरा करपट.
पांढरी कुठेच मिळाली नाही
की नवरदेव तिच्यावर बसतात,
आणि पैसे देतात तिच्याकडे न बघता.

एकदा बाबांनी तिला पावडर लावली.
दिग्रसचं लग्न, दोन डबे, चंदनाचा वास.
वरात मारुतीच्या पारापाशी पोचेस्तोवर
घामाने मैना पट्ट्यापट्ट्यांची झाली
आणि नवरदेवाच्या निळ्या सुटाला
मांडीपर्यंत ढग लागले.
रात्री तिला धुताना बाबा म्हणाले,
"लावलेला नाई पायजे. जन्माचा पायजे."

चैत्रात मैना आलंगावर आली.
मेटॅडोरमध्ये सोयाबीनचं कुटार अंथरून
तिला मंगरूळला नेलं, लतीफचाचांच्या पागेत.
मी मागे, दोरी धरून.

चाचांनी आधी नुकरा काढला.
जिनिंगमधून आत्ताच बाहेर पडल्यासारखा.
ओठ गुलाबी, गुलाबीवर फोड.
"शेचाळीसचं ऊन सोसत नाई याले.
रोज सकाळी नाकाले लोणी चोळतो.
पोरंबी अशीच होतीन,
पांढरी, न् सावलीतली."

मग सबजा.
अंगावर राखेचे रुपये, शेपूट अजून काळं.
"हा जन्मला तवा कोळसा होता.
मायबाप दोघंबी सबजे.
याचं एक शिंगरू काळं राह्यलं नाई.
पण घाई नाई कराची, शालिकरामभाऊ.
सहा वर्स, सात वर्स. एकेक केस उजळते."

बाबांनी बोटं मोजली. एकसष्ट, वर सात.
नुकऱ्याकडे पाहिलं. पुन्हा मोजली.

मला आत्याने लिहिलेला माझा कागद आठवला:
उंची पाच दोन, बीए, वर्ण निमगोरा.
ते 'निम' कुठून मोजलं, मी विचारलं नव्हतं.
बाबांनी तो वाचला होता, घडी केली होती
आणि मैनेला पाणी पाजायला गेले होते.

बांबूच्या आडोशापलीकडून नुकरा खिंकाळला.
मैनेने कान मागे पाडले, अंग चोरलं.
सबज्याने नुसता श्वास सोडला,
तिचा एक कान तिकडे वळला.
"तिनंच सांगतलं," चाचा म्हणाले.
बाबांनी पाच हजार मोजले,
वर हरभऱ्याचं अर्धं पोतं.
वाटेत म्हणाले, "तिनं कशाले सांगतलं? मीच ठरवलं."
मग मानोऱ्यापर्यंत गप्प.

अकरा महिने.
बांधावरचा पळस पेटला तेव्हा
एका रात्री, आम्ही चहाला वळलो तेवढ्यात,
मैना व्याली. शिंगी.
काळी. नांगरटीच्या ओल्या तासासारखी काळी,
चार पायांचा हिशेब लागत नव्हता तिला.
सकाळी डोंगरदिवे आले, हसले,
"पैसे मोजून कोळसा आणला का बावा!"

बाबांनी मला मोबाइलचा उजेड धरायला लावला.
शिंगीच्या डोळ्यांभोवती, पापणीच्या काठाला,
पाच-सात केस पांढरे,
कुणी उलटं काजळ घातल्यासारखे.
बाबा वाकून बघत राहिले.
त्यांच्या कानामागचेही उजेडात आले.

वैशाखात फोन वाजला.
शिंगी बाबांच्या तळव्यावरचं मीठ चाटत होती,
म्हणून त्यांनी तो खांद्याने दाबून धरला.
"हाये," म्हणाले, "पांढरीच हाये.
रंग वर याचा हाये फक्त."

तिकडून कट झाला
की बाबांच्याच खांद्यावरून घसरला,
कळलं नाही.
कुटारात पडून थोडा वेळ उजेड देत राहिला.