माप

माझे वडील मिरजेत शिंपीकाम करायचे.
मिशनच्या दवाखान्याला गाऊन शिवून द्यायचे,
पाठीमागून उघडे, दोन नाड्यांचे.
पेशंट लाजतात हो शांतवनदादा, असं सिस्टर म्हणाली
की दातानं दोरा तोडून म्हणायचे,
लाज कापडानं जात नाही बाई,
नुसती झाकली जाते.

उपासनेत उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचला
की घरी येईपर्यंत त्यांना एकच गोष्ट लागून राहायची.
अंजिराची पानं त्या दोघांनी शिवली,
ती दुपारपर्यंत वाळून फुटली असणार.
मग देव स्वतः बसला, कातडं बेतलं.
बागेचं फाटक नंतर लागलं.
आधी माप घेतलं.
ज्याला हाकलायचं ठरलंय
त्याचं माप कोण घेतं गं?

मला तेव्हा उत्तर नव्हतं.
मी वॉर्डात आया झाले, चाळीस वर्षं माणसं पुसली.
तासगावचा बेदाण्याचा व्यापारी,
सतारीचे भोपळे कोरून बोटं वाकलेला म्हातारा,
एक हवालदार, तो रडला,
आणि हर्नियाच्या ऑपरेशनला खुद्द पाळक रणभिसे.
त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.
मीही मान वळवली.
नोहाची शहाणी पोरं पाठमोरी चालत गेली,
बापावर कापड टाकलं, पाहिलं नाही,
संडे स्कूलनं एवढंच शिकवलेलं.
पण पाठमोऱ्या बाईला
पाठीवर पडलेली जखम कशी दिसायची?
तिसऱ्या दिवशी मी मान वळवणं सोडलं.

मग तो पूर आला.
कृष्णाघाटाकडून टेम्पोत एक माणूस आणला.
नदीनं अंगावर काही ठेवलं नव्हतं,
ना करदोटा, ना ताईत, ना क्रूस, ना घड्याळाचा पट्टा.
रजिस्टरात धर्माचा रकाना होता.
क्लार्क पेन धरून माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, चिखल लिही.

पाळक आले होते, पूरग्रस्तांना चादरी वाटून दमलेले.
मी विचारलं, याचं तारण?
ते म्हणाले, दार अरुंद आहे, टबीथाबाई.
मागणाऱ्याला मिळतं.
आणि ज्याच्या तोंडात पाणी गेलं, त्यानं कसं मागायचं?

समोर भिंतीवर मिशनचं कॅलेंडर होतं.
वधस्तंभावरच्या कमरेला चित्रकारानं
पांढरं फडकं गुंडाळलेलं.
पण कपडे तर शिपायांनी वाटून घेतले ना,
झग्यावर चिठ्ठ्या टाकल्या ना?
मग तिथं काय उरलं होतं, पाळकसाहेब?
त्याच्याकडे तरी कुणी
पाठमोरं उभं राहिलं असेल का?

ते बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर जनरेटर खोकत होता.
मग त्यांनी बाह्या वर सारल्या
आणि बादली उचलली.

आम्ही दोघांनी त्याला धुतलं.
कानातली वाळू, नखांतलं शेवाळ,
मांडीवरचा जुना भाजल्याचा डाग,
लहानपणी आईनं त्यावर फुंकर घातली असेल.
पाळकांनी डोळे उघडे ठेवले.

चादर अपुरी पडली.
वर ओढली की पाय उघडे,
खाली ओढली की छाती.
वाटपाच्या चादरी सगळ्या एकाच मापाच्या,
आणि हा माणूस लांब होता.
पाळक म्हणाले, एवढीच आहे.
असं म्हणून ते स्वतःच थबकले.

मी घरी गेले. वडिलांच्या पेटीत
न्यायचा राहिलेला एक गाऊन होता.
शिवण उसवली.
आत दोन बोटं कापड दाबलेलं, दोन्ही बाजूंना.
ते कायम तसं ठेवायचे, कुणी मागितलं नसलं तरी.
गिऱ्हाईक म्हणायचं, कशाला वाया घालवता?
ते म्हणायचे, असू दे.
माणूस कुठल्या बाजूनं वाढेल
ते आधी कळत नाही.

पाय झाकले गेले.
टाचेकडे थोडं राहिलं.