जोतं साडेतीन फूट

वाचनालयाला एवढं जोतं कशाला?
साडेतीन फूट. मी दोनदा मोजलं.
टेपचं दुसरं टोक धरलेला नगरपालिकेचा पोरगा, सिद्धू कमते,
म्हणाला, पूर येत असंल पूर्वी.
निपाणीत? या उंचवट्यावर?

मग पायऱ्यांशेजारी दगडाची कड दिसली,
झिजून गुळगुळीत,
बरोबर बैलगाडीच्या साट्याच्या उंचीला.
हे जोतं माणसांसाठी नाहीच. बोदांसाठी आहे.

यल्लाप्पा वडर. इतिवृत्ताच्या वहीत नाव आहे, सही नाही, अंगठा.
जन्मभर तंबाखूच्या वखारी बांधलेला माणूस.
कमिटीने बोलावून सांगितलं, वाचनालय बांध.
त्याने विचारलं असणार, आत काय राहणार?
पानं, म्हणाले असतील ते.
पानं म्हटल्यावर
निपाणीच्या गवंड्याला दुसरं काय ठाऊक.

म्हणून झरोके थेट छपराखाली,
फळ्या तिरक्या, वारा यावा, उन्हाने पान तडकू नये.
म्हणून सागवानी कैच्या एवढ्या उंच
की पंख्याच्या नळ्या नंतर बारा बारा फूट सोडाव्या लागल्या.
आणि उचकटलेल्या एका शहाबादीखाली
कोळशाचा थर, चार बोटं,
ओल चढू नये म्हणून.
नव्वद पावसाळे झाले. चढलेली नाही.

दर्शनी भाग मात्र त्याचा नव्हे.
ती कोल्हापूर पाहून आलेल्या सावकारांची हौस:
चुन्याच्या तीन कमानी, कशाचाच भार न पेलणाऱ्या,
सिमेंटचे दोन मोर
(सिमेंट तेव्हा नवं, पाहुण्यांना दाखवायची वस्तू),
दोन्हीकडे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेलं कपाळ,
त्यावर साल. १९२९.
साच्यात अंक उलटा कापायचा असतो
हे पहिल्या नवाला त्याच्या ध्यानात राहिलं,
दुसऱ्याला नाही.
दुसरा नऊ अजून भलतीकडे तोंड करून उभा आहे.
मजुरीतून सव्वादोन रुपये कापल्याची नोंद सापडली.
पुन्हा ओतल्याची नाही.

आता त्याच्यापुढे निळी पत्र्याची कन्नड पाटी.
पाटीमागे चुन्यात मराठी अक्षरं फुगलेली,
शिडीवरून बोट फिरवलं, वाचता आली.
ग्रंथपाल सरोजा हंचिनाळ दोन्ही वाचते.
पाटीचं काय करायचं, विचारलं,
तर म्हणाली, मागं चिमण्यांनी घर केलंय ओ,
एवढ्यात हलवू नका.

दुपारी हिशेब जुळेना.
बाहेरून बावन्न, आतून सत्तेचाळीस,
भिंती दीड दीड फुटाच्या.
दोन फूट गेले कुठे?
सिद्धू पश्चिमेची भिंत टकटक करत गेला.
पोकळ.
वखारीत असते तशी, दुहेरी;
तिन्हीसांजेपर्यंतचं ऊन पहिल्या भिंतीने खायचं,
दुसरीला कळूसुद्धा द्यायचं नाही.
वीट सरकलेल्या फटीशी मी नाक नेलं
आणि शिंकत सुटले.
तंबाखू. इथे कधी ठेवला नव्हता म्हणतात.
गावातल्या वाऱ्यानेच भरला असेल, चिमूट चिमूट.

साहेबांच्या आराखड्यात ही भिंत जाते.
दोन फूट वाया, त्यांना संगणकांना जागा हवी.

त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती बिलकीस बागवान,
एकतीस वर्षं विड्या वळून आता घरी,
म्हणजे रोज इथे.
पान उलटताना ती बोटाला थुंकी लावत नाही.
घडीपाशी धरते, शीर असावी तशी,
आणि सोडवून घेते.
काय मोजायलीस गं मघाधरनं?
भिंत, म्हटलं. पाडायचीय.
तिने मान वळवली नाही.
हात तेवढा मागे नेला, तळवा टेकवला.
बाहेर मे महिना, रस्त्याचं डांबर चपलेला येत होतं.
गार हाय बघ, म्हणाली,
आणि पुढचं पान.

तळव्याची शाई
भिंतीला लागली थोडी.